कशाला हो म्हटलं

ताडकळस
४ मार्च २०२५

दादा,

तुझे फोन येऊन गेलेले दिसले. मी उचलले नाहीत. फोनवर समोरच्याचं बोलणं मला नीट कळत नाही, हे मी तुला मागे सांगितलं होतं. तुझ्या ध्यानात राहिलं नसेल. मोबाईलवर लिहून पाठवलं तर तू नुसता अंगठा पाठवतोस. अंगठ्यावरून तू वाचलंस की नाही तेही समजत नाही. आणि तू ऑडिओ पाठवतोस तो मला दुसऱ्या कुणाला तरी ऐकायला द्यावा लागतो. म्हणून कागदावर लिहिते. पोस्टमन आपल्या गावात अजून येतो, असं वहिनी म्हणाली होती.

सोमवारी सोनपेठला रजिस्ट्री ऑफिसात यायला मला जमणार नाही. गिरणीचा पट्टा तुटलाय. नवा परभणीहून आणायचा आहे आणि हे एकटे आहेत. लोकांचे डबे पडून आहेत. तू म्हणशील, पट्टा आणायला असा किती वेळ लागतो. लागतो.

तेराव्याला मी रडले नाही म्हणून बाया काहीबाही बोलल्या, असं ह्यांच्या कानावर आलं. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. मायच्या खाटेकडे बघितलं, खाट उभी करून ठेवली होती, भिंतीला टेकून. ती बघून मनात एवढंच आलं की सुंभ सैल झालंय, कुणीतरी ओढून घ्यायला पाहिजे.

हरभरा काढून झाला असेल. वहिनीला सांग, मी बरी आहे.

साधना


११ मार्च २०२५

दादा,

पट्टा तुटलाय असं मी लिहिलं होतं ते खोटं होतं. पट्टा ठीक आहे. गिरणी चालू आहे.

काल तू ह्यांच्या फोनवर बोललास. ह्यांनी ते मला मोठ्यानं सांगितलं. "दाजी, तिनं मायला शब्द दिलाय. आता फिरायचं न्हाई. वकिलाकडं कागद तयार हाय, खाली सही तेवढी राहिलीय." असंच म्हणालास ना? हे सांगताना पदरचं काही घालत नाहीत, एवढं मी बघितलंय.

दादा, मी मायला कशाला हो म्हटलं ते मला माहीत नाही.

हे लिहायला मला आठवडा लागला. आता लिहिलंच आहे तर सगळं लिहिते.

मी मायला बघायला आले त्या दिवशी तू शेतात होतास. वहिनीनं मायला पेज भरवली आणि ती तिथंच कोपऱ्यात धान्य निवडत बसली. मायचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, ते तू रोज बघत होतास. मी पहिल्यांदा बघत होते. आवाज असा नव्हताच, वारा आल्यासारखं काहीतरी बाहेर यायचं. तुम्हाला दोघांना ऐकून ऐकून सवय झाली होती, वहिनीला तर ती अर्धं बोलली तरी कळायचं.

खोली शांत होती. खोली शांत असली की माझ्या कानातला आवाज मोठा होतो. मोठा होतो म्हणजे तो तेवढाच असतो, पण दुसरं काही नसलं की तोच सगळीकडे होऊन बसतो. मायनं चांगल्या हातानं माझं मनगट धरलं आणि बोलायला लागली. मी वाकले, कान तिच्या तोंडाजवळ नेला. 'साधना' एवढं कळलं. पुढचं काहीच नाही. मी म्हटलं, "काय गं माय?" तिनं परत सगळं सांगितलं. तिला किती ताकद लावावी लागत होती ते मला दिसत होतं. मानेची शीर वर आली होती. तिला तिसऱ्यांदा बोलायला लावायचं मला धाडस झालं नाही.

मी म्हटलं, "हो माय. हो, हो."

तिनं हात सोडला. तिचा चेहरा निवळला. मला वाटलं, जे काही असेल ते असेल, तिला बरं वाटलं ना. दुपारच्या बसनं मी परभणीला आले आणि तिथून घरी. पुढच्या आठवड्यात ती गेली.

मग तेराव्याला, जेवणं झाल्यावर, तू सगळ्या भावकीसमोर उठलास. म्हणालास, "मायनं जाता जाता साधनाला इचारलं, आन तिनं राजीखुशीनं हो म्हणलं. ती हक्कसोड करून देती." हे मला स्वच्छ ऐकू आलं. तू मोठ्यानं बोललास. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी मान हलवली.

मला मान हलवायची सवय झालीय, दादा. गिऱ्हाईक काही बोललं की मी मान हलवते. बसमध्ये शेजारची बाई बोलली की मान हलवते. कधी हसते पण, समोरचा हसला तर.

बापू गेल्यावर सातबाऱ्यावर मायचं, तुझं आणि माझं नाव लागलं. तुझं म्हणणं, मायला तू सांगून ठेवलं होतंस की साधनाला विचार. मग तिनं तेच विचारलं असेल. असेलही. पण मी ते ऐकलेलं नाही. न ऐकलेल्या गोष्टीवर सही कशी करू, ते मला कळत नाही.

साधना


२० मार्च २०२५

दादा,

माझं पत्र तुला मिळालं हे कळलं. कारण तू ह्यांना फोन केलास आणि म्हणालास, "आता बहिरी झाली का ती? डॉक्टरनं कान चांगलेत म्हणून सांगितलं, तुमीच सांगितलं व्हतं की मला."

हो, ह्यांनी सांगितलं होतं. सगळ्यांनाच सांगितलं. म्हणून आज मी तुला पहिल्यापासून सांगते. एकदाच सांगते. वाच, आणि मग काय म्हणायचं ते म्हण.

गेल्याच्या आदल्या दिवाळीनंतर मला सर्दीताप आला होता. गोळ्या घेतल्या, बरं झालं. मग एका सकाळी चहा ठेवला तेव्हा वाटलं, फ्रिज आवाज करतोय. फ्रिज बंद केला. मग वाटलं मीटर. मग वाटलं समोरच्या खांबावरची डीपी. ह्यांना विचारलं, "डीपी वाजायलीय का हो?" हे म्हणाले, "न्हाई की." नंतर भाजी आणायला रानात गेले, तिथं ना डीपी ना काही, तरी आवाज होता. तेव्हा समजलं की तो माझ्याबरोबर चालतोय.

बारीक आहे. जुना टीव्ही चालू असला की खोलीबाहेरसुद्धा कळायचं ना, तसा. तो थांबत नाही. एवढंच आहे, दुसरं काही नाही. दुखत नाही, ठणकत नाही. म्हणून सांगायला गेलं की सांगण्यासारखं काही उरत नाही.

परभणीला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. काचेच्या लहान खोलीत बसवलं, कानाला लावलं आणि म्हणाले, आवाज आला की बटण दाबा. मी दाबत होते, पण कुठला आवाज मशीनचा आणि कुठला माझा, हेच मला कळेना. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, पडदा ठीक आहे, ऐकणं थोडंसं कमी झालंय, हा आवाज बाहेरून येत नाही, आतच तयार होतो, औषधानं जाईलच असं सांगता येत नाही, सवय करून घ्या. आणि गिरणीत बसू नका म्हणाले. ह्यांनी त्यातलं पडदा ठीक आहे एवढंच बाहेर आणलं.

मग लसणाचं तेल झालं, कांद्याचा रस झाला. कुणी म्हणालं बाहेरचं बघा, तेही बघितलं. एकीनं मोबाईलची बॅटरी लावून माझ्या कानात डोकावलं आणि म्हणाली, "काय बी दिसंना." मग हळूहळू कुणी विचारेनासं झालं. मला ते बरंच वाटलं.

तुझ्या पोरीच्या लग्नात मी मांडवातून उठून गेले, ते तू अजून धरून आहेस. दारात डीजे लावला होता. एवढा मोठा आवाज झाला की माझ्या कानातला वर चढतो आणि मग कित्येक दिवस खाली येत नाही. मी विहिरीकडे जाऊन बसले. तिकडे ओवाळायला आत्याला हाक दिली आणि आत्या नव्हती. तू भावकीत म्हणालास, "साधनाचं नाटक हाय." मग वर्षभर बोलला नाहीस. मायला अर्धांग झालं तेही वहिनीनं कळवलं, तू नाही.

लोक म्हणतात, हिला डीजेचा त्रास होतो तर गिरणीचा कसा होत नाही? तूही म्हणाला होतास. गिरणीचा आवाज एकसारखा असतो. तो चालू असला की माझा आवाज त्याच्याखाली दबून जातो. लाईट गेली, गिरणी थांबली की परत वर येतो. म्हणून मी दिवसभर गिरणीत बसते. डॉक्टरांनी नको सांगितलं तरी बसते. कानाचं जे व्हायचं ते होईल.

आता ह्यांचं ऐक. तुझा फोन झाल्यावर हे माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बरं सुचलं तुला. ऐकूच आलं न्हाई म्हणायचं. कुणी काय करतंय मग?" मी म्हटलं, "खरंच ऐकू आलं न्हाई." तर हसले आणि म्हणाले, "तेच की. असंच म्हणायचं. हिस्सा सोडू नको." आम्ही एकाच घरात राहतो, दादा, एकाच ताटात जेवत नाही एवढंच. तरी त्यांना मी हे कारण काढलंय असं वाटतं. मला राग आला नाही. मी जाऊन कणीक मळली.

तुला वाटतं मी शब्द मोडते. ह्यांना वाटतं मी हुशारी करते. मी दोन्ही करत नाही.

साधना


३ एप्रिल २०२५

दादा,

हे पत्र एकट्यानं वाच. आणि वाचून झालं की वहिनीला एक अक्षर बोलू नकोस. तिनंच मला लिहायला सांगितलंय. म्हणाली, "त्यांना तुमीच लिवा. माझ्या तोंडातून निघत न्हाई."

काल बाजाराचा दिवस होता. पूर्णेला मावशीकडे जाते असं तुला सांगून वहिनी निघाली, आणि मध्येच ताडकळसला उतरली. गिरणी चालू होती. मी तिला गव्हाच्या पोत्यावर बसवलं. तिनं पदर तोंडाला धरला, पिठाचा त्रास होतो तिला. चहा करते म्हटलं तर नको म्हणाली. "इथंच बसते. इथंच बोलते."

गिरणीत सगळेच ओरडून बोलतात. म्हणून गिरणीत मला बाकीच्यांना येतं तेवढंच ऐकू येतं. वहिनी माझ्या कानाशी येऊन ओरडली, "साधनाताई, आत्याबाई जमिनीचं काय बोलल्या न्हाईत."

मी म्हटलं, "मग?"

"मला तुझ्याकडं ने म्हणल्या. चार दिस ने म्हणल्या. दोनदा म्हणल्या. तुमी हो म्हणलात."

वहिनी बोलत राहिली. ती एकदा मध्ये थांबली असती तर परत बोलली नसती, असं मला वाटलं, म्हणून मी मध्ये बोलले नाही.

"तुमी गेल्यावर मला पिशवी भरायला लावली. दोन लुगडी, गोळ्या, चष्मा. खाटंखाली ठेवायला लावली. रोज इचारायच्या, साधना आली का. मी म्हणायचे, येतील, काम असंल. तुमाला फोन केला व्हता मी."

"मी उचलला नसेल."

"न्हाई उचलला. मग मला वाटलं, हो म्हणून गेल्या, पण तुमचं मन नसंल. आन खरं सांगू का, मला बी राग आला व्हता. एवढं हागणंमुतणं मी काढलं, आन माझ्या घरातून जायचं म्हणायल्यात. गावाला काय सांगावं मी? म्हणून गप बसले."

मी विचारलं, "दादाला?"

"ते शेतातून आले, म्हणाले, माय साधनाला काय बोलली. मी म्हणलं, काय की, तुमचंच असंल, त्या हो म्हणल्या. तेवढंच म्हणलं मी. मला काय ठावं ते तेराव्यात उठून सांगतील."

तेवढ्यात ज्वारी संपली आणि गिरणीचे मोकळे दगड एकमेकांवर घासायला लागले. मी बघितलंच नाही. हे बाहेरून धावत आले, मोटार बंद केली आणि माझ्यावर ओरडले. मग शांत झालं, आणि माझ्या कानातलं सुरू झालं. वहिनी रडत होती. तिच्या गालावर पीठ बसलं होतं, त्याचं ओलं झालं. मी तिला पाणी दिलं. परतीच्या बसपर्यंत तिच्याबरोबर स्टँडवर उभी राहिले.

म्हणजे मायनं मला माझ्या घरी ने म्हटलं, मी हो म्हटलं, आणि निघून आले. ती वाट बघत गेली.

हे मी आता लिहिलं. लिहून परत वाचलं. मला वाटलं होतं लिहिताना काहीतरी होईल. काही होत नाही. अक्षरसुद्धा हललेलं नाही, तुला दिसेल. आज दिवसभर मी दळण दळलं, डब्यांवर नावं बघून ज्याचं त्याला दिलं, कुणाचं कुणाला गेलं नाही.

तू खोटं बोललास असं मी म्हणत नाही. तू सांगून ठेवलं होतंस, वहिनी तसं म्हणाली, तू धरून चाललास. पण आता कळलंय ना. जमिनीबद्दल मी मायला काही बोललेले नाही. त्यामुळे सही करणार नाही. मायनं जे मागितलं ते देता आलं असतं. एका रिक्षाचं काम होतं, परभणीपर्यंत.

वहिनीला बोलू नकोस. तिचं चुकलं असेल, पण मायचं सगळं तिनं केलं. मी केलं नाही, तू केलं नाहीस.

साधना


२१ एप्रिल २०२५

दादा,

तू येऊन गेलास, म्हणजे आता लिहायचं काही राहिलं नाही. तरी लिहिते. तू काय बोललास ते मला जेवढं ऐकू आलं तेवढं खाली लिहिलंय. चुकलं असेल तर कळव. इथून पुढे मी असंच करणार आहे.

तू आलास तेव्हा लाईट नव्हती. गिरणी बंद होती. हे वायरमनला शोधायला गेले होते. तू ओट्यावर बसलास, रस्त्याकडे तोंड करून. मी पाण्याचा तांब्या दिला, तो तू पिला नाहीस, हातातच धरला आणि बोलायला लागलास. तुझी पाठ माझ्याकडे होती. मला 'विजयमाला' आलं, म्हणजे वहिनीबद्दल काहीतरी. मग 'माय' आलं. तू थांबलास, म्हणजे मी काहीतरी म्हणावं अशी तुझी अपेक्षा होती. माझी मान हलायला लागली होती. मी ती धरली.

म्हटलं, "दादा, ऐकू आलं न्हाई. इकडं बघून बोल."

तू वळला नाहीस. आवाज थोडा वाढवलास. 'कागद' आलं, 'पोरं' आलं.

म्हटलं, "अजून न्हाई आलं."

चांगुणाबाई डबा घेऊन लाईट यायची वाट बघत उभी होती. समोर पानटपरीवर माणसं होती. तू त्यांच्याकडे बघितलंस. मला वाटलं उठून जाशील. तू वळलास आणि ओरडलास, "तुझा हिस्सा मला सोड म्हणायलोय. आता आलं का ऐकू?"

टपरीवरच्यांना आलं. चांगुणाबाईनं डबा खाली ठेवला.

मी म्हटलं, "आलं. न्हाई सोडत."

तू माझ्याकडे बघत राहिलास. मला आधी वाटलं तू चिडलास. मी थोडी मागेसुद्धा सरकले. मग दिसलं की ते तसं नव्हतं. तू तांब्या खाली ठेवलास आणि म्हणालास, "ती पिशवी मला दिसली व्हती. खाटंखाली. मला वाटलं दवाखान्याची हाय."

हे तू माझ्याकडे बघून बोललास. हे मला सगळं ऐकू आलं.

मग बराच वेळ तू काही बोलला नाहीस, किंवा बोलला असशील तर मला कळलं नाही. चांगुणाबाई जाऊन पलीकडच्या ओट्यावर बसली. त्या बाईला कुठं थांबावं आणि कुठं सरकावं ते कळतं.

मग तू विचारलंस, "आत्ता वाजायलंय का?"

मी म्हटलं, "हो."

"कसं वाजतं?"

मी तोंडानं काढून दाखवलं. दम संपेपर्यंत काढलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "हे सारखं?" मी म्हटलं, "सारखं." "झोपंत?" "झोप लागली की न्हाई कळत. जाग आली की असतं." तू तुझा उजवा कान दाबून बघितलास, मग सोडलास. तू असं का केलंस ते मला माहीत नाही. मी हसले नाही, तूही हसला नाहीस.

लाईट आली. चांगुणाबाई उठली. हे आले, तुला बघून थोडे ताठ झाले, पण चहा सांगितला. गिरणी सुरू झाल्यावर आपण सगळे ओरडूनच बोललो. ह्यांनी तुला कापसाचा भाव विचारला, तू तुरीचा सांगितलास. बस. तो कागद तू पिशवीतून काढलाच नाहीस, मला त्याची कड दिसत होती.

तू बसमध्ये चढताना खिडकीतून काहीतरी म्हणालास. ते मला ऐकू आलं नाही, आणि मी मान हलवली नाही. तुझ्या लक्षात आलं का ते माहीत नाही. बस सुटली होती.

जमीन तूच कर. मी धान्य मागायला येणार नाही, ह्यांनाही येऊ देणार नाही. नाव मात्र राहू दे.

साधना


१४ जून २०२५

दादा,

तुझं पत्र परवा मिळालं. पाकिटावर अक्षर वहिनीचं आणि आत तुझं. तू शेवटचं पत्र कधी लिहिलं होतंस कुणास ठाऊक, पेन दोन ठिकाणी फुटलंय. मी ते गिरणीत नाही वाचलं, घरी आल्यावर वाचलं. मग ह्यांना दाखवलं. ह्यांनी वाचलं, घडी केली आणि परत दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला विचारलं, "आज जास्त हाय का?" मी म्हटलं, रोजच्यासारखं आहे. तेवढंच बोलणं झालं.

बसच्या खिडकीतून काय म्हणाला होतास ते तू पत्रात लिहिलं नाहीस. विसरला असशील. राहू दे.

कान तसाच आहे. परभणीच्या डॉक्टरांनी आता गिरणीत बसताना कानाला लावायचं एक दिलंय. ते लावलं की गिरणी लांब गेल्यासारखी वाटते आणि माझा आवाज जवळ येतो. मी ते थोडा वेळ लावते आणि थोडा वेळ काढून ठेवते.

वहिनीला सांग, मायचं एक लुगडं मला पाठव, जुनं असलं तरी चालेल. नवं नको.

तू विचारलंस, विहिरीच्या अंगाचा जो तुकडा माझ्या वाट्याचा धरायचा, त्यात यंदा काय पेरू, सगळीकडं सोयाबीनच टाकायचं का. मला आजवर हे कुणी विचारलेलं नाही, त्यामुळे मला दोन दिवस विचार करावा लागला. तिथं पाणी थांबत नाही, बापू उताराची जागा म्हणायचे.

तिथं तूर पेर.

साधना